जावईबापू गेले का?

माझ्या नातीच्या घरी शनिवारी दुपारी पाच-सहा मैत्रिणी जमतात आणि मुद्दाम टाकाऊ सिनेमे बघतात. राक्षसांचे. जितका टाकाऊ तितका चांगला, असा त्यांचा हिशेब. राक्षसाच्या पाठीवरची चेन जिला आधी दिसेल ती जिंकली. मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला तिथे मानाचं आमंत्रण असतं, कारण आम्ही दोघी असल्याच सिनेमांवर वाढलो. मी पोट धरून हसते, पण खुर्ची मात्र दाराजवळची घेते. परवा नातीने विचारलंच, "आजी, तू नेहमी दाराशी का बसतेस? पळून जायचा बेत आहे का?"

वारा येतो म्हणून, असं मी सांगितलं. खरं कारण इथे लिहिते. त्यातली एक गोष्ट आजवर कुणालाच सांगितलेली नाही, धाकटीलाही नाही.

आमचे वडील थिएटरात ऑपरेटर होते. वरच्या केबिनमध्ये दोन मशिनं, एकावरचं रीळ संपत आलं की दुसरं सुरू करायचं, हे त्यांचं काम. आई खाली तिकीट खिडकीवर. शाळा सुटली की मी आणि धाकटी तिथेच. चांगले सिनेमे मोठ्या थिएटरला मिळायचे, आमच्याकडे उरलंसुरलं यायचं. त्यातला एक मात्र दरवर्षी हटकून यायचा आणि दरवर्षी हाऊसफुल जायचा. चिखलातून वर येणाऱ्या एका राक्षसाचा.

काय तो राक्षस. रबराचा अंगरखा, पाठीवर चेन, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि मनगटावर चक्क घड्याळ. तो जे शहर तुडवायचा ते खोक्यांचं होतं. एका इमारतीवर साबणाचं नाव उलटं वाचता यायचं. लोक त्याला जावईबापू म्हणायचे, कारण न बोलावता येतो, दिसेल ते खातो आणि जायचं नाव घेत नाही. पडद्यावर नायिका थरथरत म्हणायची, "तो आला." की सगळं थिएटर एका सुरात म्हणायचं, "या, बसा." तिसऱ्या रांगेत कडेला एक शिंपी बसायचे. त्यांचं मत ठरलेलं. "खांद्यात ढिला आहे. माप न घेता शिवलाय."

हसत नव्हती ती एकटी धाकटी. सात वर्षांची होती. तिला जावईबापूंची खरीखुरी भीती वाटायची, आणि तरी पहिल्या रांगेतली कोपऱ्यातली खुर्ची ती सोडायची नाही. राक्षस आला की दोन्ही अंगठे कानात, बोटं डोळ्यांवर. तो गेला की मी जाऊन तिच्या डोक्यावर दोन टपल्या मारायच्या, मग ती विचारणार, "गेले का जावईबापू?" मी गेले म्हटल्याशिवाय डोळे उघडायचे नाहीत, हा आमचा करार होता.

त्या वर्षी मी सोळा वर्षं पूर्ण केली, आणि मालकांच्या डोक्यात एक कल्पना आली. राक्षस आला की थिएटरात खरा धूर सोडायचा. ते काम माझ्याकडे आलं. पडद्यामागे घमेल्यात निखारे, त्यावर ओलं गोणपाट, मागून टेबलफॅन. राक्षसाने तोंड उघडलं की पंखा लावायचा, धूर पडद्याखालून पहिल्या रांगेत जायचा. लोक शिट्ट्या मारायचे. मालकांनी एकच नियम घालून दिला होता, की घमेल्याजवळ पाण्याने भरलेल्या दोन बादल्या हव्यात.

पडद्यामागे बसायला काही नव्हतं. म्हणून तिसऱ्या दिवसापासून मी दुसरी बादली मोरीत ओतून द्यायची आणि पालथी घालून तिच्यावर बसायची.

तिथून सिनेमा उलटा दिसायचा. राक्षसाचं घड्याळ दुसऱ्या हातात. पण मी सिनेमा बघायचेच नाही. कडेच्या काळ्या पडद्याला एक फट होती, तिच्यातून मी माणसं बघायचे. एरवी तोंडं पाडून हिंडणारी तीनशे माणसं एकदम हसताना बघणं यासारखं दुसरं सुख मला तेव्हा माहीत नव्हतं.

त्या दुपारच्या खेळालाही मी फटीलाच डोळा लावून बसले होते. वास आला तो निराळा. वळून बघितलं तर गोणपाट कोरडं पडून पेटलं होतं आणि पंख्याने ज्वाळा सरळ पडद्याच्या मागच्या कापडावर नेली होती. मी आधी पंखा बंद केला, मग पहिली बादली ओतली. चर्र झालं, खालची आग बसली, पण तोवर ती माझा हात पोचणार नाही इतकी वर चढली होती. दुसऱ्या बादलीकडे वळले. ती पालथी होती.

मी पडद्याच्या पुढे धावले. "आग लागलीय. बाहेर चला, आग लागलीय."

टाळ्या पडल्या.

पडद्यावर त्याच वेळी नायिका "पळा, पळा" करत होती आणि खाली मी. माझ्या मागून धूर येत होता, आणि धुरासाठीच तर लोक आले होते. शिंपी शेजाऱ्याला म्हणाले, "ही नवीन भानगड छान आहे. पोरगी नायिकेपेक्षा बरी ओरडते."

"अहो, खरंच आग आहे," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं.

"रडतेही चांगली," मागून कुणीतरी म्हणालं. आणि सगळ्यांनी मिळून, "या, बसा."

मी जितकी ओरडत होते तितकं थिएटर हसत होतं. ते हसू मला आवडायचं, आणि आता तेच माझा आवाज गिळत होतं. धाकटी कोपऱ्यात होती, डोळे झाकून. तिला तेव्हाच उचलायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात एकच माणूस होता जो मला खोटी म्हणणार नाही. मी मधल्या वाटेने पळत सुटले आणि केबिनचा जिना चढले.

बाबांनी माझं तोंड बघितलं आणि लगेच भिंतीतल्या चौकोनी झरोक्यातून खाली बघितलं.

"कुठे?"

"पडद्यामागे. डावीकडे. बाबा, सिनेमा बंद करा. दिवे लावा."

"दिवे लावले तर आग दिसेल. नाही लावले तर अंधारात उठतील." ते अगदी हळू बोलत होते. "तीनशे माणसं, दोन दारं. त्यातलं एक अर्धंच उघडतं."

त्याआधीच्या वर्षी वीज गेली होती आणि कुणीतरी साप म्हणून ओरडलं होतं. त्या रेटारेटीत आमच्या दारवाल्या काकांच्या दोन फासळ्या गेल्या होत्या, आणि साप तर नव्हताच.

बाबांनी दुसऱ्या मशिनवर हात ठेवला. पुढचं रीळ तिथे लावून तयार होतं, आणि ते सुरू व्हायचं गाण्याने. ते गाणं मी आयुष्यात धड ऐकलं नव्हतं. कुणीच नव्हतं ऐकलं. नायक-नायिका होडीत बसतात, होडी हलत नाही, आणि पहिल्या ओळीला सगळं थिएटर उठून चहाला जातं. दरवर्षी, न चुकता.

"गाणं लावतो," बाबा म्हणाले. "चार मिनिटांचं आहे. काकांना सांग, दोन्ही दारं उघडून उभे राहा आणि तोंड हसरं ठेवा. आईला बंब बोलवायला सांग. शेवटचा माणूस बाहेर पडला की दार दोनदा आपट. तोवर मी मशीन सोडत नाही."

"तुम्हीच बघा ना झरोक्यातून."

"धुरात पुढच्या रांगा दिसत नाहीत. तू बघ." त्यांनी सुरईतल्या पाण्यात रुमाल बुडवून नाकाला बांधला. धूर वर चढतो हे मला शाळेतही शिकवलं होतं. केबिन सगळ्यात वर होती.

मी जिना उतरेपर्यंत गाणं लागलं होतं.

"अरे, जावईबापूंचा घास तोंडातच राहिला," कुणीतरी कुरकुरलं. पण आमच्याकडे रिळं मागेपुढे होणं नवीन नव्हतं. खुर्च्या वाजल्या. लोक उठले, आळस देत, चपला शोधत. इतकं सावकाश चालणारी माणसं मी पुन्हा बघितली नाहीत. काकांना मी कानात सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा कागदासारखा झाला. पण ते दाराशी ताठ उभे राहिले आणि नेहमीसारखं म्हणाले, "हळू, हळू. चहा काही पळून जात नाही."

"आज धूर जास्तच सोडला हो," एक बाई खोकत म्हणाल्या.

"मालकांची हौस," काका म्हणाले. हसत होते, आणि कपाळावरून घाम ओघळत होता.

आई खिडकी सोडून ऑफिसातल्या फोनकडे गेली होती. मी गर्दीत धाकटीची लाल रिबीन शोधत होते. चहाच्या टपरीपाशी नव्हती. आईजवळ नव्हती. पहिलं कडवं संपलं. काका म्हणाले, "झाले सगळे. आपट दार."

मी दार धरलं, आणि मग कळलं. तिला टपल्या कुणी मारल्याच नव्हत्या.

आत गेले तेव्हा धूर कमरेपर्यंत उतरला होता. मी वाकून, खुर्च्यांना धरत धरत गेले. पडदा डावीकडून तपकिरी होत होता. नायिकेच्या गालाला भोक पडलं, मोठं झालं, आणि ती तशीच गात राहिली. मागचा स्पीकर तापला असावा. तिचा आवाज घोगरा, पुरुषी येऊ लागला. जावईबापूंना मी कधी घाबरले नव्हते. त्या गाण्याला घाबरले.

धाकटी खुर्चीत होती. पाय वर घेतलेले, अंगठे कानात, बोटं डोळ्यांवर, खोकत होती आणि वाट बघत होती. मी दोन टपल्या मारल्या.

तिने अंगठे काढले. "गेले का जावईबापू?"

"गेले."

"मग गाणं कसं लागलं? आधी ते बस खातात ना."

"आज लवकर गेले. चल."

"डोळे उघडू?"

"नको. बाहेर गेल्यावर."

तिने डोळे मिटलेलेच ठेवले. मी तिला फरफटत आणलं, आणि तिने एकदाही हूं की चूं केलं नाही. बाहेर आल्यावर तिला काकांच्या अंगावर लोटलं आणि दार दोनदा आपटलं. गाणं चालूच. पुन्हा दोनदा आपटलं, सगळा जीव लावून. दुसरं कडवं मधेच तुटलं.

"संपलं एकदाचं," टपरीपाशी शिंपी म्हणाले, कप खाली ठेवला, आणि त्यांच्या मागून सगळी माणसं आत यायला निघाली.

काकांनी दारांना साखळी घातली आणि पाठ लावून उभे राहिले. मी जिन्याकडे बघत होते. कुणी येत नव्हतं. मी मनात मोजायला लागले, पण वीसच्या पुढे मला आकडे आठवेनात. मग वरच्या पायरीवर एक बूट दिसला. बाबा बसून बसून उतरत होते, एकेक पायरी, डोळे मिटून, हाताने भिंत चाचपत. आईने त्यांना मधेच धरलं. त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी फक्त बोटं वर करून विचारलं, किती राहिले. मी मान हलवली. कुणी नाही.

तेवढ्यात वरच्या झडपांमधून काळा धूर बाहेर आला, आणि मागच्या तीनशे माणसांचं बोलणं बंद पडलं.

दुसऱ्या दिवशी बंबवाले साहेब आणि मालक पाहणीला येणार होते. त्याआधी बाबा मला घेऊन आत गेले. पडदा नव्हता. सगळीकडे ओली राख. घमेल्याशेजारी एक बादली उभी, आणि फटीजवळ दुसरी, पालथी. बाबा तिच्यापाशी थांबले. मग त्यांनी पायाने ती सुलटी केली. खाली फरशीवर एक स्वच्छ गोल राहिला होता. त्यांनी बुटाने आजूबाजूची राख त्यावर ओढली, तो दिसेनासा होईपर्यंत. माझ्याकडे बघितलं नाही.

"चल," एवढंच म्हणाले.

त्यानंतर सव्वीस वर्षं बाबा होते. त्या बादलीबद्दल ते बोलले नाहीत, मीही नाही. शिंपी मात्र रस्त्यात भेटले की त्यांना अडवायचे. "ते सगळं ठीक आहे हो, पण तुम्ही आमचा अर्धा राक्षस खाल्लात."

गेल्या शनिवारी नातीने कुठून तरी तोच सिनेमा शोधून काढला. माझ्यासाठी खास. राक्षसाचं घड्याळ मला चुकीच्या हातात वाटलं. पोरी चेन शोधून हसत होत्या, मीही हसले. गाणं लागलं तसा नातीने ते पुढे ढकलायला रिमोट उचलला.

"राहू दे," धाकटी म्हणाली.

मग ते चार मिनिटांचं गाणं आम्ही पहिल्यांदा पुरतं बघितलं. होडी शेवटपर्यंत हलली नाही. पोरींची हसून हसून मुरकुंडी वळली. दुसऱ्या कडव्याला मी बाजूला बघितलं. धाकटी आता सत्तरीला आली आहे. तिने अंगठे कानात घातले होते, बोटं डोळ्यांवर ठेवली होती, आणि वाट बघत होती.

मी वाकून तिच्या पांढऱ्या डोक्यावर दोन टपल्या मारल्या.

"गेले का?"

"गेले," मी म्हटलं, आणि दार उघडं आहे ना, ते एकदा बघून घेतलं.