मुराळी

पंचमीला घरोघरी लेकी येतात. कळसच्या शकुबाईला लेक नव्हती. एकुलता एक विजयसिंह आणि त्याची बायको रेश्मा. तीही आता त्याची बायको राहिली नव्हती. कोर्टाचा कागद झाला, विजयसिंहाने पुण्यात दुसरा संसार मांडला आणि रेश्मा कऱ्हाटीला आईकडे परतली. नवरा-बायको कागदाने सुटली, ठीक आहे. पण सासू-सुनेचं काय करायचं, हे कुणी विचारलंच नाही. शकुबाईचा जीव त्या पोरीत अडकला तो अडकलाच.

पंचमीच्या आदल्या दिवशी तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं, डबाभर कानवले घेतले आणि एसटी धरली. लेकीला माहेरी न्यायला येतो तो मुराळी. भाऊ नाहीतर चुलता. सोडचिठ्ठी झालेल्या सुनेला न्यायला सासूच मुराळी, हे कुणी ऐकलं नव्हतं. लोक हसतील, तर हसोत बापडे. रेश्मा तोंडावर दार लावेल, ही भीती मात्र खरी होती.

दार रेश्माच्या आईने, गोजरबाईने उघडलं. पाणी दिलं; चहाचं नाव काढलं नाही. आता आणखी काय न्यायचं राहिलंय, असं तिने भिंतीकडे बघत विचारलं. शकुबाई डबा मांडीवर घेऊन बसून राहिली.

कारखान्यातून रेश्मा आली. स्कुटी लावता लावता तिची नजर शकुबाईवर गेली आणि हात आपसूक ओढणीकडे गेला. डोकं झाकूनच ती पाया पडली. जुनी सवय.

"सोडचिठ्ठीच्या बैठकीत माझ्या बाजूनं तुमी एक शब्द बोलला न्हाय, आत्या," रेश्मा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, म्हणून जास्तच लागलं.

"न्हाय बोलले. पोटचा पोरगा समोर हुता, जीभ रेटली न्हाय. त्ये तू इसरावं म्हणून आले न्हाय." शकुबाईने डबा खाली ठेवला. "तुला न्यायला आलीया. मुराळी म्हणून."

"मुराळी माहेरचा असतो, इहीणबाई," गोजरबाई म्हणाली.

"म्हणून तर."

उद्या पुण्याहून ते आले तर, असं रेश्माने हळूच विचारलं.

"आला तर पाव्हणा म्हणून वसरीवर बसंल. लेक तू हायेस."

रेश्मा आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. झालं, संपलं, असं वाटून शकुबाई गुडघ्यावर हात टेकत उठली. तेवढ्यात गोजरबाईने चहाचं आधण ठेवलं.

चहा उकळेस्तोवर रेश्मा पिशवी घेऊन बाहेर आली. एकच दिवस येईन, परवा ड्यूटी आहे, म्हणाली. चेहऱ्यावरचा राग तसाच होता. डोक्यावरची ओढणीही तशीच.

शकुबाईने हात वर केला आणि ती ओढणी अलगद खांद्यावर सारली.

"माहेरी निघालेली पोर डोकं झाकती व्हय?"

रेश्माचे डोळे भरून आले. मग तिने ओढणी कमरेला गाठ मारून बांधली आणि स्कुटी कळसच्या दिशेला वळवून उभी केली.