हळू बोलायचा सराव

आई गेली त्या आठवड्यात लेकीचा घसा बसला, तेव्हा कुणालाच त्याचं नवल वाटलं नाही. रडून बसला असेल, असं दादा म्हणाला आणि आपल्या गावी परतला. तिलाही तसंच वाटलं. पण रडू ओसरलं तरी आवाज काही परत आला नाही. बोलायला गेलं की आधी नुसती हवा यायची, मग जुनं कापड टरकावल्यासारखं काहीतरी.

तिच्या कामाला आवाज लागत नव्हता. ती कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे साचे यायचे आणि ती एका लहानशा खोलीत एकटी बसून मेणात दात बसवायची, घासायची, चकाकी आणायची. मशीन सुरू असलं की बोलायचा प्रश्नच नव्हता. म्हणून कित्येक दिवस तिने दुखणं अंगावर काढलं. शेवटी फोनवर दादाने, "कोण बोलतंय?" असं विचारलं, तेव्हा ती घशाच्या डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. स्वरतंतूंवर दोन्ही बाजूंना बारीक गाठी होत्या. घाबरण्यासारखं काही नाही, पण बोलायची पद्धत बदलावी लागेल, असं सांगून त्यांनी तिला वरच्या मजल्यावर व्हॉइस थेरपीसाठी पाठवलं.

थेरपिस्ट तिच्या निम्म्या वयाची होती. तिने सगळी चौकशी केली. शाळेत शिकवता का, गाता का, घरात लहान मुलं आहेत का? सगळ्याला नाही म्हटल्यावर तिने हसत विचारलं, मग ताई, एवढं ओरडता तरी कुणावर?

"आईला ऐकू यायचं नाही," ती म्हणाली.

आणि मग ती सांगतच सुटली. कानाचं यंत्र आणलं होतं, पण ते शिट्या मारायचं, म्हणून कायम डबीत. कित्येक वर्षं ती आईशी घसा फोडूनच बोलत आली होती. गोळी घेतलीस का, खिडकी लावू का, दादाचा फोन आलाय. क्वचित एखादं वाक्य नेमकं ऐकू गेलं की आई फणकारायची, ओरडतेस कशाला, मी काय बहिरी आहे? हे सांगताना तिला हसू आलं, पण त्या हसण्यालाही आवाज फुटला नाही.

उपचार साधे होते. ग्लासभर पाण्यात स्ट्रॉ बुडवून बुडबुडे काढत 'ऊ' म्हणायचं. खांदे सैल सोडून, ओठ मिटून गुणगुणायचं. हे सगळं ती कामावरून आल्यावर स्वयंपाकघरात इमानदारीने करायची. शेवटचा गृहपाठ मात्र तिला जमेना. रोज थोडा वेळ कुणाशी तरी हळू आवाजात गप्पा मारायच्या होत्या. पुढच्या खेपेला थेरपिस्टने विचारलं, तेव्हा भावजयीशी बोलते, असं तिने ठोकून दिलं. भावजय आणि ती गेल्या वर्षभरात धड चार वाक्यं बोलल्या नव्हत्या.

त्यानंतरच्या खेपेला थेरपिस्टने पेन खाली ठेवलं. गुणगुणताना आवाज मोकळा येतो आणि बोलताना घसा आवळतो, म्हणजे बोलणं होतच नाहीये, असं ती म्हणाली.

"ताई, खरं सांगा. कुणाशी बोलता?"

"कुणाशी बोलू?" ती म्हणाली.

थेरपिस्टने उपदेश केला नाही. मग आज माझ्याशीच बोला, म्हणाली. बोलण्यासारखं काहीच सुचेना, तेव्हा तिने दातांबद्दल सांगितलं. सगळे दात अगदी सरळ रांगेत बसवले तर कवळी ओळखू येते, म्हणून एखादा सुळा ती मुद्दाम किंचित तिरका ठेवते. थेरपिस्ट मन लावून ऐकत होती. त्या दिवसापासून दर आठवड्यात काय काय घडलं ते ती थेरपिस्टला सांगायला साठवून ठेवू लागली.

आवाज हळूहळू सुटत गेला. अशातच एका संध्याकाळी जिन्यात शेजारीण भेटली. भिंतीला भिंत लागून घर, पण येता-जाता हसण्यापलीकडे ओळख नव्हती. हल्ली तुमच्याकडे अगदी शांत असतं, असं म्हणून ती जराशी घुटमळली.

"राग मानू नका, पण फार चिडायचात हो तुम्ही त्यांच्यावर. शब्द कळायचे नाहीत, पण भिंतीतून आवाज यायचा. आम्हाला वाटायचं, म्हातारं माणूस, जरा सबुरीने घ्यावं."

तिच्या हातातली पिशवी जड झाली. आई गेली तेव्हा बिऱ्हाडाबिऱ्हाडातली माणसं दारात उभी राहिली आणि तिथूनच परतली होती. नंतर कुणी डोकावलंही नव्हतं. ते का, हे तिला आत्ता कळलं.

ती हळूच बोलली. ते ऐकू गेलं नाही, म्हणून शेजारीण एक पायरी खाली उतरून जवळ आली.

"चिडत नव्हते मी. तिला ऐकू यायचं नाही. पांघरूण नीट घे, असं ओरडून सांगत होते."

शेजारणीचा चेहरा उतरला. कुणी विचारलंच नाही, एवढंच ती पुटपुटली. दोन दिवसांनी ती येऊन बसली, स्वतःच्या गुडघ्यांविषयी बरंच बोलली आणि ओशाळल्यासारखी निघून गेली.

पुढच्या तपासणीत गाठी जवळपास विरल्या होत्या. आता यायची गरज नाही, असं थेरपिस्ट आनंदाने म्हणाली. तिलाही आनंद दाखवावा लागला. अधूनमधून आले तर चालेल का, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण बाहेर बाकावर माणसं खोळंबली होती.

घरी आल्यावर ती आईच्या पलंगाच्या कडेला बसली. उगाचच, त्या नव्या आवाजात तिने आईला सांगितलं की मी बरी झाले. आई समोर असती तरी यातलं एक अक्षर तिच्या कानावर पडलं नसतं.

दिवस मावळेपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग उठून तिने दादाला फोन लावला. फोनचा ठरलेला वार नव्हता, त्यामुळे तो दचकला. काय झालं, बरी आहेस ना, असं विचारू लागला.

"काही नाही. सहजच केला," ती म्हणाली.

पुढे काय बोलावं, ते दोघांनाही कळेना. पण त्याने फोन ठेवला नाही. तिनेही ठेवला नाही.