पुदिन्याची भट्टीवाली

"तिथंच थांबा, आई! आत येऊ नका." सून दारातच उभी राहिली.

भट्टीवाली थबकली. आपल्याच घरात आपल्याला अडवणारं माणूस अजून जन्मायचंय, असा तिचा समज होता. आणि आज ही कालची पोरगी! पण सकाळचा प्रकार तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. पुदिन्याचं तेल गाळून ती तशीच घरी आली, महिन्याभराच्या नातवाला छातीशी धरलं, आणि पोरानं श्वासच कोंडला. ओठ निळे पडले. सुनेनं हिसकावून मोकळ्यावर नेलं, तेव्हा कुठं रडला.

"पुदिन्यातला गारवा मोठ्यांचं नाक मोकळं करतो, आजी. तान्ह्याचा मात्र श्वास अडवतो," पोराला तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या अंगात तो मुरलाय. पोर थोडं मोठं होऊ दे."

"अर्ध्या वस्तीची डोकेदुखी याच तेलानं उतरवली मी!" ती फणकारली. "आणि मोठा झाल्यावर कसला मांडीवर घेतेय? तोच मला उचलून नेईल!"

मग न्हाणं सुरू झालं. घासून घासून कातडी सोलवटली, तरी सून केस हुंगून म्हणे, "येतोय." भट्टीवालीला काहीच कळेना. तिचं नाक त्या वासाला कधीच मेलं होतं.

"खोटं बोलतेस. सूड उगवतेस माझ्यावर."

"सूड उगवायचा तर तुमचं डोकं कशाला हुंगत बसले असते? वाका पुढं." सुनेनं कोमट पाणी ओतलं आणि सासूचे केस मुळापासून चोळायला घेतले. सासूनं एरवी कुणाला केसाला हात लावू दिला नसता. आज मान खाली घालून बसली.

भट्टी तिनं शेजारणीला देऊन टाकली. "पाला करपवू नकोस म्हणजे झालं," एवढंच म्हणाली आणि मागं न बघता निघाली. तेलकटलेले कपडेही गेले. मग 'येतोय'चं 'जरासा' झालं.

एका दुपारी सुनेनं तिच्या मानेत नाक खुपसलं. भट्टीवाली श्वास रोखून बसली.

"आता नाही, आई."

पोर मांडीवर आलं. आळोखेपिळोखे दिले, जांभई दिली आणि खुशाल झोपलं. सून बराच वेळ त्याच्या छातीवर नजर ठेवून होती. मग उठून कामाला लागली.

तेवढ्यात एक माशी भट्टीवालीच्या मनगटावर येऊन बसली. इतक्या वर्षांत एकही माशी तिच्या वाऱ्याला उभी राहिली नव्हती. ती जरा वेळ बघत राहिली. मग दुसऱ्या हाताचा आडोसा तिनं पोराच्या तोंडावर धरला आणि माशीला बसू दिलं.