बोरडीच्या पुलाचा नारळ

गुणवंतराव ढेकळ्यांनी पुलाच्या भूमिपूजनाचा नारळ फोडला की बोरडी नदी रुंद होते, ही गोष्ट तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. कुणी तिचा बाऊ करत नसे.

पहिला नारळ फोडला तेव्हा गुणवंतराव नुसते सरपंच होते आणि बोरडी म्हणजे नदी कसली, ओहोळ. धोतराचा सोगा वर धरला की माणूस पल्याड. कोनशिला बसली, नारळ फुटला, आणि टाळ्या थांबायच्या आत दोन्ही काठ बाजूला सरकले. पंगतीत उशिरा आलेल्याला जागा करून द्यावी तसे.

"आता मात्र पूल पाहिजेच," लोक म्हणाले, आणि त्यांनी गुणवंतरावांना जिल्हा परिषदेत धाडलं.

पल्याडच्या वाघोशीची मतं पक्की करायला गुणवंतरावांनी एकुलती एक लेक, सुलभा, तिथंच दिली. घर अगदी काठावर. "पूल झाला की रोज ये माहेरी," म्हणाले. तोवर ती जेवणवेळेला काठावर येऊन हाक मारायची, "आण्णा, जेवलासा का?" हे अल्याडून ओरडायचे, "जेवलो, बाई! तू?"

मग आमदारकी आली. म्हणजे आधी नारळ आला. सुलभाची संध्याकाळची हाक सकाळी पोचायला लागली. गुणवंतराव दात घासता घासता उत्तर द्यायचे. पुढं त्यांनी पक्ष बदलला, जुनी कोनशिला उपटून नवी बसवली, नवा नारळ फोडला. आता श्रावणातली हाक दिवाळीत यायची. एका नावाड्याला साडीचोळी देऊन वाघोशीला पाठवलं. गेला तेव्हा मिशी काळीभोर, आला तेव्हा नुसता कापूस. साडी काखेत होती तशीच.

"पोचलास का रे?"

"न्हाई, सायेब. मधनंच परतलो."

विरोधक सभेत ओरडले, "आमच्या काळात नदी एवढी कधीच नव्हती!" ते ऐकून लोकांना साहेबांचं कौतुकच वाटलं. एवढी मोठी नदी दुसऱ्या कुठल्या तालुक्याला होती?

गुणवंतराव मंत्री झाले. एके दिवशी न्हावी त्यांची दाढी करत असताना खिडकीतून हाक आली. "आण्णा, पाणी उंबऱ्याला लागलंय. नारळ फोडू नगासा."

न्हाव्यानं वस्तरा तसाच धरून ठेवला. गुणवंतरावांनी मनाशी मोजून पाहिलं. ही हाक तिकडून निघाली, त्यानंतर मंत्रिपदाचा नारळ फुटून गेला होता.

तेवढ्यात त्यांचे पीए वाळिंबे आत आले. "साहेब, काठावर मांडव पडलाय. निवडणूक तोंडावर आलीय. भूमिपूजनाला निघायचं."

"मी नारळ फोडणार नाही, वाळिंबे."

"बरं," वाळिंबे म्हणाले, आणि त्यांनी गाडीचं दार उघडून धरलं.

काठावर माणूस मावत नव्हतं. पल्याड काहीच नव्हतं. पाणी जाऊन आभाळाला टेकलं होतं. भटजींनी नारळ हातात दिला. गुणवंतरावांनी तो खाली ठेवून द्यायचं मनाशी पक्कं केलं होतं. पण बाजारात सगळेच करतात तसं, सवयीनं, त्यांनी नारळ कानाशी धरला आणि हलवून पाहिला.

आत पाणी हललं. मग काठाला लागून परत फिरलं. आणि शेजारच्या घरातून यावी तशी, अगदी जवळून हाक आली.

"आण्णा, जेवलासा का?"

गुणवंतरावांनी नारळाच्या डोळ्याला ओठ लावले. "जेवलो, बाई. तू?"

"पाणी चुलीत शिरलंय. आन् भवतीनं नुसती भिंत हाय, दारच घावंना. पर तुमचं पान मांडलंय. कवा येताय?"

"फोडू का, सुले? फोडू का नको? सांग!"

ती काय म्हणाली ते कळलं नाही, कारण टाळ्या सुरू झाल्या होत्या.

"साहेब नारळाशी बोलायला लागले!" मागून कुणीतरी ओरडलं. "आता नारळच निवडून आणा!" माणसं पोट धरून हसली. पुढच्या बायांनी पाण्याच्या आशेनं ओंजळी पुढं केल्या.

"मुहूर्त टळतोय, साहेब," वाळिंबे म्हणाले. म्हाताऱ्या माणसाला उठताना आधार द्यावा तसा त्यांनी गुणवंतरावांच्या मनगटाखाली हात दिला, आणि मनगट वर गेलं. कानापासून दूर जाताना नारळात कुणीतरी पाट मांडल्याचा आवाज आला.