म्हाईत हाय की!

गुरुबसप्पांना काही सांगायला जावं, तर वाक्य पुरं व्हायच्या आत ते म्हणायचे, "म्हाईत हाय की!" गॅस संपला म्हणा, म्हाईत हाय की. शेजारी चोरी झाली म्हणा, म्हाईत हाय की. अक्कलकोटकडची सासुरवाडीची माणसं आली की तेच कन्नडमधून, "गोत्तैति!" अशा या सर्वज्ञ माणसाला एकच गोष्ट माहीत नव्हती. त्यांची एकुलती एक लेक महेश्वरी गेले पंधरा दिवस त्यांच्याशी नीट बोलत का नाही, ही.

अगदीच अबोला नव्हता हं. "अप्पा, जेवायला" एवढं व्हायचं. पण पूर्वी बार्शीच्या शाळेतून संध्याकाळच्या एसटीनं आली की चप्पल काढायच्या आधीच तिची बडबड सुरू व्हायची, ती बंद झाली होती. गुरुबसप्पांनी चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात बत्तीस वर्षं सुपरवायझरकी केलेली. चालू माग अचानक थांबले की ती शांतता त्यांना खायला उठायची. आता घरात रोज संध्याकाळी तशीच शांतता पडू लागली. मग सरळ पोरीला विचारावं की नाही? छे! विचारायचं म्हणजे आपल्याला माहीत नाही हे कबूल करायचं. त्यापेक्षा शांतता बरी.

त्यामुळे सोलापूरच्या जुळे सोलापूर भागातल्या त्यांच्या कॉलनीच्या हॉलमध्ये 'स्वतःला ओळखा' असं पाच दिवसांचं शिबिर लागलं, तेव्हा गुरुबसप्पा वही-पेन घेऊन पहिल्या रांगेत हजर. त्यांच्या बायकोनं, चंद्रिकाबाईंनी, पदरात तोंड घालून हसून घेतलं. शिकवणारे श्रीशैल सर जेमतेम तिशीचे, पण आवाज मोठा गोड. चौथ्या दिवशी त्यांनी गृहपाठ दिला. जवळच्या तीन माणसांना विचारायचं, माझा एक दोष सांगा. आणि आपण उलट बोलायचं नाही, फक्त...

"म्हाईत हाय की," गुरुबसप्पा म्हणाले आणि वही मिटली.

पहिला नंबर मल्लेशचा. कारखान्यातला जुना दोस्त, आता दोघांची रोज चहाच्या टपरीवर गाठ पडायची.

"माझा एक दोष सांग बघू."

मल्लेशनं चहा बशीत ओतला. "खरं सांगू? तू कुणाचं ऐकून घेत न्हाईस."

"म्हाईत हाय की! दोष सांग."

मल्लेशनं त्यांच्याकडं बघितलं, बशीकडं बघितलं आणि चहा पिऊन टाकला. काय करील बिचारा!

दुसरा नंबर रत्नम्माचा. ती कॉलनीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकायची. तिनं टोपली खालीसुद्धा ठेवली नाही. "अण्णा, मागल्या महिन्यात मी म्हटलं, आज कडक न्हाईत, मऊ भाकरी हायत, टिकायच्या न्हाईत, चालतील का? तुमी म्हणालात म्हाईत हाय की. आन चौथ्या दिवशी भाकरीला बुरशी आली म्हणून माझ्याशी भांडलात. आता यात माझा दोष सांगू का तुमचा?"

घरी येऊन गुरुबसप्पांनी वहीत लिहिलं, 'ऐकत नाही. दोघांचे म्हणणे. खात्री करणे.' शेवटच्या दिवशी सरांनी उपायही दिला. समोरचा बोलताना डोळे मिटा, मान हलवा, मन लावून ऐका. गुरुबसप्पांनी जेवताना लगेच सराव सुरू केला. त्यांना डोळे मिटून मान डोलवताना बघून चंद्रिकाबाईंनी घाईघाईनं लिंबूपाणी करून आणलं. त्यांना वाटलं, चक्कर आली.

आता राहिली तिसरी, महेश्वरी. गृहपाठाचं नुसतं निमित्त, खरं तर तिच्याचसाठी गडी शिबिराला गेला होता. रविवारी सकाळी ते गॅलरीतल्या झोपाळ्यावर बसले. दाराशी महेश्वरीची मोठी बॅग भरून ठेवलेली. बुधवारपासून ती तिथंच होती. शाळेचं काही प्रशिक्षण असेल, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. विचारलं नव्हतं, हे काय सांगायला हवं?

"महेश्वरी, माझा एक दोष सांग. गृहपाठ हाय."

ती समोर येऊन उभी राहिली. आधी हसावं की रडावं हेच तिला कळेना.

"दोष कशाला अप्पा? तुमच्या मनात काय आहे ते मला कळलं की त्याच दिवशी. इथंच बसून विचारलं मी तुम्हाला. रोजचं एसटीनं जाणं-येणं आता झेपत नाही, बार्शीला खोली घेऊन राहू का? मी घरात नसले तर तुम्हाला चालेल का? तुम्ही काय म्हणालात? म्हाईत हाय की! एका शब्दानं राहा म्हणाला नाहीत. म्हणून खोली घेतली. रिक्षा येईल आता."

गुरुबसप्पांचा चेहरा पडला. "कवा विचारलंस तू?"

"आई अक्कलकोटला गेली होती ना, तेव्हा."

चंद्रिकाबाई लेकीचा डबा घेऊन बाहेर आल्या. "आगं, कुटं बसून विचारलंस?"

"झोपाळ्यावरच. त्यांच्या डाव्या हाताला."

चंद्रिकाबाईंनी डबा खाली ठेवला आणि कपाळावर हात मारला. "आगं बया! त्या कानाशी ढोल बडवला तरी यांना ऐकू येत न्हाई!"

"कुणाला?" गुरुबसप्पा खवळले.

"तुमाला! बारा वर्षं झाली. झोपाळ्यावर बसताना मी 'जरा तिकडं सरका' म्हणते, ते हौसेनं व्हय? लग्नात, बाजारात, सिद्धेश्वराच्या देवळात, कुटंबी गेलं तरी मी उजवीकडनंच चालते. पोरीलाबी कळू दिलं न्हाई. म्हटलं, कशाला तुमाला कमीपणा!"

"मग मला तरी सांगायचं!"

"सांगितलं की! तुमी म्हणालात, म्हाईत हाय की."

महेश्वरीला हसू फुटलं, पण गुरुबसप्पांना हसता येईना. कारखान्यात मागांच्या खडखडाटात साहेबांचे नुसते ओठ हललेले दिसायचे. काय म्हणालात असं पुन्हा विचारलं, तर उद्या दुसरा सुपरवायझर आणतील ही भीती. तेव्हा मान हलवून "माहीत आहे साहेब" म्हणायची सवय लागली, आणि साहेब सुटले तरी सवय सुटली नाही. आपल्याला सगळं माहीत असतं, असं मग त्यांनाच वाटायला लागलं होतं. पोरीनं जीव मुठीत धरून विचारलं, आणि आपण न ऐकताच तिला घराबाहेर काढलं! त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

खाली रिक्षाचा हॉर्न वाजला. तो मात्र बरोबर ऐकू आला.

"थांब म्हण त्याला," गुरुबसप्पा म्हणाले. "महेश्वरी, बस हितं. पुन्यांदा विचार."

झोपाळ्याच्या उजव्या बाजूला चंद्रिकाबाई टेकल्याच होत्या, सवयीनं. त्या उठल्या, ती जागा लेकीला दिली आणि स्वतः डावीकडं जाऊन बसल्या.

"अप्पा, मी बार्शीला राहिले तर चालेल का तुम्हाला?"

गुरुबसप्पांनी डोळे मिटले नाहीत की मान डोलावली नाही. तिचं वाक्य पुरं ऐकून घेतलं.

"न्हाई चालत. लई रिकामं वाटंल गं मला. पर तू दमून येतीस तेबी बघवत न्हाई. जा तू. शनिवारी मातर घरला ये, आन आल्या आल्या हितंच बसून बडबड कर."

महेश्वरीनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि खुशाल रडून घेतलं. एवढ्यात डाव्या बाजूनं चंद्रिकाबाई हळूच काहीतरी पुटपुटल्या. गुरुबसप्पांना नुसते ओठ हललेले दिसले आणि नेहमीचं उत्तर जिभेवर आलं. त्यांनी ते आवरलं आणि अख्खी मान तिकडं वळवली.

"काय म्हणालीस? मला ऐकू आलं न्हाई."

लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, पण त्यांच्या तोंडून हे वाक्य त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं.

"आता काय म्हणत होते तेच विसरले बघा," चंद्रिकाबाई म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या.