डचेसचा पान्हा

गाईची लाथ बसली तसा मॅलकी भिंतीवर आदळला. बादली लवंडली.

“मार, अजून मार! वैरी आहे ना मी तुझा?”

डचेसची कास दगडी रोगानं सुजून टणक झाली होती. एका सडातून पू आणि रक्त येत होतं. त्याच्या बायकोनं, अट्रॅक्टानं, या गाईला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं आणि दुसऱ्या कुणाला कधी धार काढू दिली नव्हती. ऑक्टोबरअखेर, हॅलोविनच्या सुमारास अट्रॅक्टा वारली. तिच्या हातचा एवढाच एक जीव मॅलकीपाशी उरला होता.

“सगळ्या रॉसकॉमन परगण्यात अशी हट्टी गाय नाही,” गुरांची डॉक्टर ग्रॉनिया म्हणाली. ती औषधाच्या नळ्या काढत होती.

“परवाच्या पेनिसिलिननं काय दिवे लावले, पोरी?”

“ते एकटं होतं. या जंतूंच्या रसानं ते मोडून पडतं. आता दोन औषधं एकत्र आहेत. एक जंतूंची भिंत पाडतं, मग ते फुटून मरतात. दुसरं फारसं कुणाला मारत नाही. ते नुसतं आडवं जातं, त्या रसाला चिकटतं आणि त्याला घेऊन संपतं. तेवढ्यात पहिलं आपलं काम उरकतं.”

“आणि दुसऱ्याचं काय होतं?”

“संपतं म्हटलं ना.”

ग्रॉनियानं नळ्या त्याच्या हातात ठेवल्या.

“पण आधी कास रिकामी करा, मगच सडात नळी. आत घाण राहिली तर औषधाचा उपयोग नाही. पान्हा सोडलाच नाही, तर उद्या मला तिला शेवटचं इंजेक्शन द्यावं लागेल, मॅलकी.”

ती गेल्यावर त्यानं पुन्हा हात लावून पाहिला. पुन्हा लाथ.

तो घरात गेला. दारामागं अट्रॅक्टाचा गोठ्यातला कोट टांगलेला होता. स्वतःच्या बहिणीलाही त्यानं तो धुऊ दिला नव्हता. रोज संध्याकाळी तो कॉलरला नाक लावायचा. तिचा साबण, चुलीचा धूर, सगळं अजून होतं तिथं. बराच वेळ तो दारापाशी उभा राहिला. मग त्यानं कोट अंगात चढवला. खांद्यावरची शिवण उसवली.

डचेसनं बाही हुंगली. पुन्हा पुन्हा हुंगली.

“चल गं राणी, उरकू या,” तो अट्रॅक्टासारखं म्हणाला.

गाईनं पान्हा सोडला. पुवाच्या गुठळ्या कोटावर पडल्या. शेणानं भरलेली शेपटी कॉलरवर बसली. तो पिळत राहिला. कास रिकामी झाल्यावर त्यानं सडात नळी सोडली.

दर धारेला त्यानं तेच केलं. पुढच्या खेपेला ग्रॉनियानं कास दाबून पाहिली.

“उतरली की हो सूज! तो कोट मात्र फेका आता. काय वास मारतोय!”

“फेकतो.”

ती गेल्यावर त्यानं कॉलर हुंगली. मग आतलं अस्तर हुंगलं. पू, औषध, गाय. जेवढी बटणं लागत होती तेवढी लावून तो सड धुवायला बसला.