तोंडात बसलेली वाक्यं

आधी लुळा हात बाहीत, मग चांगला. उलटं केलं की सदरा पाठीवर अडकतो, माणूस चिडतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. मास्तरांच्या लेकीने वडिलांचा उजवा हात कोपराला धरून बाहीत सरकवला, पलीकडून पंजा ओढून घेतला आणि म्हणाली, "आता डावा द्या, बाबा."

मास्तरांनी डावा दिला. देता देता म्हणाले, "आरशात बघ, मग वळ."

"बघते हो."

पलंगाशेजारी बॅग भरून तयार होती. मास्तरांची नजर तिच्यावरून फिरली आणि खिडकीकडे गेली. त्यांना काय कळलं, काय नाही, हे देव जाणे.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, मोटार शिकवणारे. अर्धं गाव त्यांच्या शेजारी बसून गाडी शिकलं, आणि गाडीबरोबर बाकीचंही बरंच काही. 'मागचा हॉर्न वाजवतो म्हणून आपण खड्ड्यात जायचं नसतं' हे त्यांचं वाक्य लोक नोकरी सोडताना, घर घेताना एकमेकांना ऐकवत. कोपऱ्यावरच्या केमिस्टने दारू सोडली, ती म्हणे 'उतारावर न्यूट्रल करायचं नसतं' एवढ्या एका वाक्यावर. मास्तरांना याचं काडीचंही कौतुक नव्हतं. मी गाडीबद्दल बोलतो, म्हणायचे, तुम्ही कुठे लावता ते तुमचं तुम्ही बघा.

मग अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर भाषाही गेली. उरली ती फक्त ही वाक्यं. तहान लागली तरी 'दोन्ही हात स्टेअरिंगवर', पोटात दुखलं तरी 'दोन्ही हात स्टेअरिंगवर'. त्याखेरीज एक 'हो' उरला होता, तोही सरसकट. चहा हवा का? हो. चहा नको का? हो. तुम्ही राजे आहात का? हो.

"तोंडात बसलेली वाक्यं असतात ही," वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी समजावलं होतं. "आपसूक बाहेर पडतात. त्यांच्यात अर्थ शोधत बसू नका, वेड लागेल."

तिला वेड लागायचं फार बाकी नव्हतंच. दिवसभर लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचं आणि रात्रभर वडील उठून पडतील म्हणून कान टवकारून पडून राहायचं. परवा सुई भलतीकडे टोचली आणि समोरचा म्हातारा ओरडला. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून घेतलं. शब्द गोड होते, मतलब एकच होता: सांभाळा, नाहीतर घरी बसा. त्याच संध्याकाळी मास्तरांनी न्हाणीघरात आतून कडी लावली आणि आत कोसळले. शेजारी दार फोडत होते, ती दाराला तोंड लावून "बाबा, बाबा" करत होती आणि आतून शांत आवाज येत होता, "घाई कुणाला आहे? रस्ता कुठे पळून जात नाही."

सल्ले मात्र भरपूर मिळाले. 'स्वतःकडेही बघ गं', 'सकाळी थोडं फिरत जा', 'मन मोकळं करावं माणसाने'. जिभेला काय, हाड थोडंच असतं! 'तू जा, तासभर मी बसते' असं म्हणणारी मात्र एक सापडली नाही.

फोन वाजला. दादाचा होता, दूरच्या शहरातून.

"निघालात का?"

"निघतोय."

"हे बघ, प्रॅक्टिकल हो. सेंटर चांगलं आहे, मी सगळी चौकशी केलीये. आज संध्याकाळपर्यंतच जागा राखून ठेवणार आहेत. मग पुन्हा मिळायची नाही."

"दादा, ते हो म्हणाले नाहीत अजून."

"ते सगळ्यालाच हो म्हणतात!"

"तेच तर."

"अगं, मग काय करणारेस? पुन्हा पडले तर?"

"तू ये ना मग. महिनाभर ये."

"मी आलो तर इकडचं कोण बघणार?" दादा म्हणाला, आणि आवाज उतरवून पुढे म्हणाला, "मलाही वाईट वाटतंय गं."

वाटत असेलही. तिने फोन ठेवला, वडिलांच्या पुढ्यात खाली बसली आणि त्यांचे दोन्ही गुडघे धरले.

"बाबा, नीट ऐका. मी तुम्हाला दुसरीकडे ठेवायला नेतेय. तिथे सांभाळायला बायका असतात, डॉक्टर असतात. मी रविवारी येईन. पण रात्री तुम्ही तिथेच राहायचं. घरी नाही. कळतंय? नको असेल तर नको म्हणा. देवाशपथ, नोकरीवर लाथ मारीन, मीठभाकरी खाऊ. पण एकदा म्हणा."

"हो," मास्तर म्हणाले.

"काय हो? जायचं हो की राहायचं हो?"

"हो."

तिने त्यांचे खांदे धरून गदागदा हलवलं. "काहीतरी बोला ना! शिव्या द्या मला! बापाला टाकायला निघालेय, एक शिवी तरी द्या!"

मास्तरांचं डोकं मागेपुढे झालं. त्यांनी डावा हात उचलला, हवेत धरला. "घाई," ते म्हणाले, "घाई कुणाला आहे?"

ती घाबरून मागे सरली. आपण काय केलं हे तिच्या हातांना आधी कळलं. मग तिने त्यांची कॉलर सरळ केली, स्वतःचं तोंड धुतलं आणि बॅग उचलली.

सेंटर गावाबाहेर होतं. रस्ताभर मास्तर तिच्या शेजारी बसून समोर बघत होते. कुणी आडवं आलं तरी बोलले नाहीत, सिग्नलला बोलले नाहीत. एरवी त्यांच्या शेजारी बसून गाडी चालवणं म्हणजे परीक्षाच. आज तिने दोनदा चुकीच्या गिअरमध्ये गाडी रेटली आणि मुद्दाम त्यांच्याकडे पाहिलं. ढिम्म. संपलंच मग सगळं, तिला वाटलं. आपण एका रिकाम्या घरावर रात्रंदिवस पहारा देत होतो.

फाटकासमोर तिने गाडी उभी केली, पण इंजिन बंद करवेना. आत स्वच्छ अंगण होतं, बाकावर एक म्हातारी हातातला रुमाल घडी करत होती, मोडत होती, पुन्हा घडी करत होती.

"नाही," ती स्वतःशीच बोलली. "नाही जमायचं मला. चला बाबा, घरी." तिने क्लच दाबून गाडी रिव्हर्समध्ये टाकली.

गिअरवरच्या तिच्या हातावर मास्तरांचा डावा हात येऊन पडला.

"थांबव," ते म्हणाले. "मी उतरतो. पुढे तू ने."

तिने गाडी न्यूट्रल केली. हे वाक्य झटका आल्यापासून ती पहिल्यांदाच ऐकत होती. शिकवणीच्या शेवटच्या दिवशी मास्तर ते म्हणत. रिकामा रस्ता बघून शिकाऊ माणसाला गाडी थांबवायला लावायचे, दार उघडून उतरायचे आणि त्याला एकट्याला पुढे पाठवून द्यायचे. स्वतः मागून चालत यायचे. भलेभले त्या दिवशी घामाघूम होत, एक वकीलबाई तर रडत रडत सगळा बाजार ओलांडून गेल्या होत्या. पण नेऊन पोचवायचे सगळे.

ती वडिलांच्या तोंडाकडे बघत राहिली. गाडी थांबली म्हणून आलं असेल. थांबलेल्या गाडीत दुसरं कुठलं वाक्य येणार? अर्थ शोधू नका, बाईंनी बजावलं होतं.

"बाबा, कुठे उतरताय, कळतंय तुम्हाला?"

"हो."

तिला हसू आलं आणि त्या हसण्याचंच रडू झालं. स्टेअरिंगवर डोकं टेकून ती मोठमोठ्याने रडली, लाजलज्जा गुंडाळून. मास्तर डाव्या हाताने सीटबेल्टचं बटण चाचपत होते. ते काही त्यांना सापडत नव्हतं. शेवटी तिनेच डोळे पुसून दाबून दिलं.

आतून सेविका मावशी चाकाची खुर्ची घेऊन आल्या. धिप्पाड बाई, हसरी.

"या, या आजोबा! वाटच बघत होतो. ताई, तुम्ही आत येता ना सहीला?"

"येते. गाडी तेवढी बाजूला लावून."

मावशींनी मास्तरांच्या काखेत हात घालून त्यांना सराईतपणे उचललं, खुर्चीत बसवलं, लुळा हात मांडीवर नीट ठेवला. खुर्ची वळली. मास्तरांनी मागे बघितलं नाही. बघतील असं तिला वाटलं होतं. बॅग मांडीवर घेऊन ते शाळेत निघालेल्या पोरासारखे सरळ बसले होते.

तिने पहिला गिअर टाकला. डोळ्यांपुढे सगळं धूसर होतं. डावा पाय पेडलवरून एकदम सुटला. गाडीने गचका दिला, पुढे उडी घेतली आणि बंद पडली.

"क्लच!"

अंगणातून आवाज आला. खणखणीत, वैतागलेला, पूर्वीचा. बाकावरच्या म्हातारीची घडी थांबली. मास्तरांनी मान वळवली नव्हती, फक्त डावा हात वर उचलला होता.

"काय हवंय, आजोबा?" मावशी वाकून विचारत होत्या. "काय म्हणताय? कळलं नाही मला."

गाडीत ती दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून बसली होती. मग तिने काच खाली केली.

"दाबला, बाबा," ती म्हणाली, आणि दाबला.